फुलाऱ्याच्या हाताची कैफियत



कात्र्या, पकडी आणि विळे यांच्या मुठी घडविण्यात ज्याचे आयुष्य गेले अशा माणसास कारखानदार, फूलव्यावसायिक आणि अभ्यासक यांच्या या परिषदेचे अध्यक्षपद आपण दिले आहे. मी थेट विषयाकडे वळतो. कारण ज्यांच्यासाठी आपण येथे जमलो, त्या दादरच्या फूलबाजारातील आणि पुण्याच्या गुलटेकडीवरील मंडळींना दुपारनंतर आपापल्या गाळ्यावर हजर व्हावयाचे आहे.

बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने कारागिरांच्या रोगांवरील आपला ग्रंथ १७०० साली मोडेना येथे प्रसिद्ध केला आणि १७१३ च्या वाढविलेल्या आवृत्तीत कारकुनांच्या हाताची कैफियत मांडताना अखंड बैठक, हाताची एकाच दिशेने होणारी हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर राहणारा ताण, अशी तीन कारणे नमूद केली. कारकुनाला वकील लवकर मिळाला, यात नवल नाही. दप्तर त्याच्याच हाती असते. फुलाऱ्याचे दुखणे मात्र आपल्याकडे दवाखान्याच्या वहीत क्वचितच त्याच्या धंद्याच्या नावे दाखल होते.

मावळातील हरितगृहातून आलेली वीस गुलाबांची जुडी एखादी बाई गाळ्यावर कशी सोडविते, हे निरखून पाहावे. डाव्या हातात देठ, उजव्या हातातील चिमटा वरून खाली ओढून काटे उतरविणे, खालची पाने खुडणे, कात्रीने टोक तिरपे छाटणे आणि शेवटी तारेचा वेढा. एका देठामागे अशा चारच हालचाली धरल्या तरी एका जुडीला ऐंशी होतात, आणि त्यांतील बहुतेकींत मनगट करंगळीच्या बाजूस वळलेले व अंगठा ताठ रेटलेला असतो. आता मनगटाची रचना अशी की, आठ लहान हाडांची कमान आणि तिच्यावर ताणलेला अस्थिबंध यांमधील चिंचोळ्या वाटेने बोटे मिटविणाऱ्या नऊ कंडरा आणि एक महत्त्वाची नस जाते. मनगट वाकले की त्या वाटेतील दाब वाढतो, कंडरांची आवरणे सुजतात आणि त्या चेंगराचेंगरीत नसेची गळचेपी होते. अंगठा, तर्जनी व मधले बोट यांना मुंग्या येतात आणि रात्री हात झटकत उठावे लागते, ही तक्रार येथे बसलेल्या भगिनींना मी समजावून सांगण्याची गरज नाही. अंगठ्याच्या मुळाशी उठणारी कळ निराळी. तिचे वर्णन फ्रिट्झ द केरव्हाँ या स्विस शस्त्रवैद्याने १८९५ साली केले. अशा वेळी मलम चोळून, पट्टा बांधून पुन्हा तीच कात्री हाती देणे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

माझा खरा आक्षेप त्या कात्रीवरच आहे. आपण फुलाऱ्याला जी विकतो ती मुळात बागेची छाटणी-कात्री असते. तिला जाड, वाळक्या फांदीवर अधूनमधून जोर करावयाचा असतो, म्हणून तिची स्प्रिंग ताठ आणि तिचा जबडा रुंद. फुलाऱ्याला कोवळा, ओला देठ कापावयाचा असतो, त्यास जोर थोडा पण आवृत्ती अगणित. तेव्हा प्रत्येक वेळी मूठ मिटताना त्या बाईचा बराचसा जोर देठावर खर्च न होता स्प्रिंगेवरच खर्च होतो. दुसरा दोष मापाचा. जोराच्या कामाच्या दुहेरी मुठींमधील अंतर त्या उघड्या असता नऊ सेंटिमीटरांहून जास्त आणि मिटल्या असता पाचांहून कमी नसावे, असे श्रमविज्ञानातील मार्गदर्शन आहे. परंतु नऊ ही कमाल मर्यादा असून लहान पंजाच्या स्त्रीने ती का गाठावी, हे मला कोणी सांगितलेले नाही. मूठ दहा सेंटिमीटरांहून आखूड केली की तिचे टोक तळव्याच्या मध्यभागी रुतते, हा उलट बाजूचा जाच. आणि धार? त्याच पात्याने तार तोडली जाते, तेथे धारेची काय कथा. पात्याच्या मुळाशी तारेसाठी वेगळी खाच ठेवणे हा काही मोठा शोध नव्हे.

फिरत्या मुठीच्या स्विस कात्र्यांची तारीफ मीही करतो, पण त्या द्राक्षमळ्यातील आणि फळबागेतील हातांसाठी उत्तम. आपल्याला नमुना हवा असेल तर तो कोकणात आहे. भातकापणीचा दातेरी ‘वैभव’ विळा हलका, वारंवार धार लावण्याची यातायात नसलेला आणि खेड्यातील माणसाने सहज उचलावा असा. त्याच्या आखणीत काम आधी आणि हत्यार मागाहून, हा क्रम दिसतो.

कोणी म्हणेल की, जेथे हारांची आणि गजऱ्यांची मजुरी नगावर ठरते, तेथे उत्तम कात्रीनेही माणूस अधिक नगच काढील आणि हात पूर्ववतच दुखेल. हे मला मान्य आहे, आणि मजुरीचा प्रश्न कारखानदाराच्या अखत्यारीत नाही, हेही मान्य आहे. तथापि तेवढ्यावरून ताठ स्प्रिंगेचे समर्थन होत नाही.

म्हणून माझी सूचना अशी की, बाहेर प्रदर्शनात मांडलेल्या प्रत्येक प्रकारच्या कात्र्या श्रावणापासून दसऱ्यापर्यंत, म्हणजे ऐन गर्दीच्या हंगामात, गाळ्यांवर वापरण्यास द्याव्यात, आणि मूठ कोठे घासली, धार केव्हा गेली, कोणत्या बोटास प्रथम मुंग्या आल्या, याची नोंद वापरणाऱ्याच्याच तोंडून रोजच्या रोज करावी. स्त्रियांच्या पंजांची मोजदादही त्याच वेळी व्हावी. तशा ठरावाचा मसुदा चिटणिसांकडे दिला आहे. त्यात कात्रीच्या किमतीचा रकाना मी मुद्दाम कोरा ठेवला असून तो कारखानदारांनी नव्हे, गाळ्यावरील मंडळींनी भरावयाचा आहे.