गिझर तापतो, पाणी तापत नाही

मुंबईत खोली तापवायची वेळ क्वचितच येते. आपली तक्रार न्हाणीघरातली: गिझर चालू, पण पाणी कोमटच. गोराईत खाडीच्या अलीकडे-पलीकडे ज्या घरांत बोअरचं किंवा विहिरीचं पाणी गिझरला जोडलंय, त्यांनी तर नीट ऐकावं. महापालिकेचं तलावाचं पाणी बरंच मऊ. जमिनीतलं बहुधा जड, आणि समुद्राजवळ खारटही.

जड पाणी तापलं की त्यातला चुना कॉईलवर बसतो. उघडून पाहिलं तर कॉईलवर पांढरट, खरखरीत पापुद्रे दिसतात. मग उष्णता पाण्यात नीट उतरत नाही, कॉईल जास्त तापते आणि टाकीतून कढ आल्यासारखी खदखद ऐकू येते.

हिशेब सोपा आहे. पंधरा लिटरची टाकी, 2 किलोवॅटची कॉईल, 25 अंशांवरून 60 अंशांपर्यंत साधारण वीस मिनिटं. चाळीस लागली तर कॉईल तपासून घ्या. गिझरवरचा दिवा लवकर विझतो पण पाणी कोमट, तर संशय थर्मोस्टॅटवर. दिवा चालू, पाणी गार, तर कॉईल जळालेली असू शकते. बटण दाबताच एमसीबी पडतो? पुन्हा पुन्हा वर करू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा.

खाऱ्या पाण्याच्या घरी टाकीतला मॅग्नेशियमचा रॉडही तपासायला सांगा. टाकीऐवजी तो झिजतो. संपला की गंज टाकीला लागतो. अर्थिंग आहे ना, हे मात्र आजच पाहून घ्या.