वणवा कोणी लावला, आणि धूर कोणी खाल्ला?

(ताम्हिणी, ता. मुळशी येथे महिलांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आपल्याला धुराबद्दल बोलायचं आहे. धूर हा बायकांना नवा नाही. चुलीपाशी बसून आपण तो रोज खातो. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की घरातल्या चुलीच्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसं दगावली. २०१६ नंतर उज्ज्वला योजनेतून गॅस घरोघर आला, पण सिलिंडर पुन्हा भरून आणायला पैसे लागतात, म्हणून चूल काही सुटली नाही. त्यात फेब्रुवारी ते मे या महिन्यांत डोंगर पेटले की घरातही धूर आणि अंगणातही धूर. शहरात हवा मोजायची यंत्रं आहेत, तिथला आकडा पेपरात छापून येतो. डोंगरातल्या बाईच्या छातीत किती धूर गेला, हे कोण मोजणार?

ताम्हिणी पुणे जिल्ह्याच्या टोकाला आहे. घाट उतरून विळ्याला गेलं की रायगड जिल्हा. ही हद्द कागदावर आहे, धुराला ती ठाऊक नाही. दुपारी समुद्राकडचा वारा कोकणातून वर चढतो, तेव्हा खालच्या उतारावरचा धूर घाटमाथ्यावर येतो. रात्री डोंगर गार झाला की हवा उताराने खाली सरकते आणि माथ्यावरचा धूर खालच्या गावांत जाऊन बसतो. म्हणजे आपल्याकडच्या आगीचा धूर तिकडची बाळंतीण खाते, आणि तिकडच्या आगीचा धूर इकडची म्हातारी. पण जिल्हे दोन, कचेऱ्या दोन. धूर दोघांचा असला तरी विचारायला गेलं की आग दुसऱ्याच्या हद्दीतली निघते.

मग प्रश्न येतो, वणवा लावला कोणी? सरकारी उत्तर ठरलेलं आहे : आपल्या देशातले बहुतेक सगळे वणवे मानवनिर्मित असतात. हे खोटं नाही. बांबूला बांबू घासून आग लागते असं सांगतात, पण त्यावर विसंबण्यात अर्थ नाही. वीज पडते ती बहुधा वळवाच्या पावसाबरोबर. तेव्हा आग माणसाच्याच हातून लागते. पण ‘मानव’ म्हणजे कोण? राब भाजताना ठिणगी उडाली तोही मानव. जाळलं की पुढच्या वर्षी गवत जोमाने येतं असं समजून काडी लावणारा गुराखी, शिकारीसाठी रान पेटवणारा, घाटात गाडी थांबवून विडी-सिगारेटचं थोटूक फेकणारा किंवा शेकोटी तशीच सोडून जाणारा पर्यटक, प्लॉट पाडण्याआधी जागा ‘साफ’ करून घेणारा जमीनमालक, हे सगळे मानवच. प्रत्येकाचं कारण वेगळं, म्हणून उपायही वेगळा. सगळ्यांना एकाच शब्दात गुंडाळलं की कोणाचाच शोध लागत नाही. कागदावर येतो ‘अज्ञात इसम’, आणि चहाच्या टपरीवर नाव घेतलं जातं कातकऱ्यांचं.

आता जरा कॅलेंडर बघू. कातकऱ्यांची कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर, कोळसाभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे रान पेटतं त्याच महिन्यांत त्यांच्या वाड्या निम्म्या रिकाम्या असतात. ज्या जमातीचं नावच काथ पाडण्याच्या धंद्यावरून आलं, तिचा धंदा जंगल बंद झाल्यावर बुडाला. ती दुसऱ्याच्या भट्टीवर उचल फेडायला गेली आणि पाठीमागे वणव्याचा आळ तिच्यावर आला.

हा आळ नुसता शब्दांचा नाही. १९२७ च्या भारतीय वन कायद्याचं कलम २६ असं सांगतं की राखीव जंगलात मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने आग लावली गेली, तर गुन्हेगाराला शिक्षा होवो वा न होवो, त्या जंगलातले चराईचे आणि वनोपजाचे हक्क सरकार काही काळ बंद करू शकतं. म्हणजे काडी कोणा एकाने लावायची आणि मोळी साऱ्या गावातल्या बायकांची बंद. त्याच कायद्याचं कलम ७९ म्हणतं की जंगलात हक्क असलेल्यांनी आगीची खबर दिली पाहिजे, विझवायला मदत केली पाहिजे. विझवायला आपण कायद्याने बांधलेल्या आहोत. मग कारण शोधायला आपल्याला का बोलावत नाहीत? ताम्हिणीचं अभयारण्य २०१३ साली जाहीर झालं. अभयारण्यात आग लावायला वन्यजीव कायद्याचीही बंदी आहे. कायदे भरपूर आहेत, चौकशीत आपण कुठेच नाही.

हे भांडण आजचं नाही. ठाणे आणि कुलाबा, म्हणजे आजचा रायगड, इथल्या लोकांच्या जंगलाबाबतच्या तक्रारी ऐकायला मुंबई सरकारने १८८५ मध्ये आयोग नेमला. त्यात राबाचा प्रश्न मोठा होता. साहेब म्हणत होता, शेतकरी जंगल तोडून जाळतो. शेतकरी म्हणत होता, राब भाजल्याशिवाय भाताचं रोप येत नाही.

आणि हे भांडण फक्त आपलंही नाही. १९९७ साली इंडोनेशियातल्या आगींचा धूर सिंगापूर आणि मलेशियावर महिनोन्‌महिने बसला होता. तिथेही आधी बोट दाखवलं गेलं ते डोंगरात फिरती शेती करणाऱ्या गरिबांकडे. पुढे उपग्रहाची छायाचित्रं आणि मळ्यांचे नकाशे शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा कितीतरी आगी ताडतेलाच्या आणि लाकडाच्या मोठ्या कंपन्यांच्या जमिनीवर दिसल्या. शेवटी तिथल्या सरकारनेच दीडशेहून जास्त कंपन्यांची नावं जाहीर केली. शेजारी देशांनी २००२ मध्ये सीमापार धुराबद्दल करार केला, पण ज्याच्या घरी आग, त्या इंडोनेशियाने तो मान्य करायला २०१४ साल उजाडलं. आग कुठे लागली हे उपग्रहाला दिसतं, पण त्या जमिनीचा सातबारा कोणाच्या नावे आहे, हे माणसालाच तपासावं लागतं.

आता आपल्या घरातलंही बोललं पाहिजे. राबातून वणवा लागत नाही असं म्हणून चालणार नाही. कवळ तोडायची, डोक्यावर वाहून आणायची, शेण, पातेरा, माती थरावर थर पसरायचे, हे बहुतेक बायकांचंच काम. राबामुळे तणाचं बी जळतं, माती भुसभुशीत होते, म्हणून तो भाजतात. पण वारा सुटलेला असताना, भोवतीचं गवत न काढता काडी लावली की आग बांध ओलांडते. उतारावर आग खालून वर पळते, कारण ज्वाळेची धग वरचं गवत आधीच तापवून ठेवते. फुलून वाळलेली कारवी त्यात सापडली की संपलंच. दाट सावलीतल्या ओलसर रानात आग सहसा शिरत नाही, ती कडेच्या गवतातून आत येते. दर वणव्याला झाडं कमी होतात, ऊन खाली येतं, गवत वाढतं आणि पुढच्या वर्षी आग आणखी आत जाते. आपली मोळी आणि करवंदं तितकीच लांब जातात.

मग राब सोडायचा का? कर्जत तालुक्यातल्या नेरळला चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा राईस तंत्र बसवलं. गादीवाफ्यावर थेट बी टोकायचं. राब नको, चिखलणी नको, लावणीसाठी कंबर मोडायला नको. पण त्यात तणनाशक येतं. धूर जाऊन विष आलं तर काय, हा प्रश्न फवारणाऱ्या आणि त्या शेतात राबणाऱ्या बायकांनी विचारलाच पाहिजे. उपाय करून बघू, पण डोळे उघडे ठेवून. तोवर एवढं तर आपल्या हातात आहे : रानाला लागून राब नको, भोवती गवत काढलेला पट्टा हवा, वारा पडल्यावरच पेटवायचा, आणि शेवटचा निखारा विझेपर्यंत कोणीतरी तिथे हवं.

जंगल आपलं आहे असं वाटलं तर माणूस आग लावत नाही, लागली तर विझवतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगल राखायचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे आणि वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश जागा बायकांना दिल्या आहेत. अभयारण्यातही हा कायदा लागू आहे. तो मागून घ्यावा लागतो.

म्हणून माझं मागणं एवढंच. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी, असा आपल्या राज्याचा नियम आहे. २६ जानेवारीची ग्रामसभा वणव्याच्या मोसमाच्या तोंडावर येते. त्याआधीच्या महिला सभेत चार ठराव करा. एक, जाळरेषा कुठे काढायची हे वनविभागाने गावाबरोबर फिरून ठरवावं, आणि त्या कामाची व आग विझवण्याची मजुरी बायकांनाही मिळावी. दोन, प्रत्येक आगीचा पंचनामा गावासमोर व्हावा, पंचांत बायका असाव्यात, आणि त्यात जमीन कोणाची, आधी तिथे काय चाललं होतं, हे लिहावं. तीन, घाटाखालच्या आणि घाटावरच्या गावांची एकत्र बैठक व्हावी. चार, पुराव्याशिवाय कोणत्याही जमातीचं नाव घेतलं जाऊ नये. आणि भारतीय वन सर्वेक्षण संस्थेचा आगीचा निरोप मोबाईलवर येतो, त्यासाठी नाव कोणालाही नोंदवता येतं. ते गावातल्या दोन-तीन मुलींनी नोंदवावं.

धूर खायला आपण पुढे आणि पंचनाम्याला मागे, हे आता पुरे झालं. २६ जानेवारीच्या आत हे चार ठराव लिहून तयार ठेवा. कातकरीवाडीतल्या बायका भट्टीवर निघायच्या आधी, दिवाळीतच त्यांच्याकडे जा आणि त्यांचंही म्हणणं त्यात घ्या.