मापाची सायकल



गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस मी माझी सायकल विकली. बंगळूरसारख्या अफाट शहरात रोज कितीतरी वाहने एका हातातून दुसऱ्या हातात जातात. त्यांत एका सायकलीची ती काय कथा, असे आपणास वाटेल. परंतु ही सायकल दुकानातून उचलून आणलेली नव्हती. शिंपी सदऱ्यासाठी मापे घेतो, त्याप्रमाणे माझे पाय, धड, हात आणि खांदे मोजून तिची पोलादी चौकट घडविली होती.

माझ्या लहानपणी हा व्यवहार अगदी उलट असे. घरात वडिलांची एकच काळी, उंच सायकल. दांडीखालून पाय घालून, अर्धे पायडल मारीत आम्ही ती शिकलो. सायकल आपल्या मापाची नसे. आपणच वाढून तिच्या मापाचे व्हावयाचे! त्यामुळे आपल्यासाठी म्हणून घडविलेली सायकल ही मला पुढे मोठीच चैन वाटली.

आज शर्यतीच्या सायकली बहुधा कार्बनच्या धाग्यांपासून बनवितात. तरीही पोलादाचे चाहते आहेत, आणि ते केवळ हळवेपणामुळे नव्हे. उत्तम पोलादी सायकलीच्या नळीची भिंत सर्वत्र सारखी जाड नसते. सांध्यांपाशी ताण अधिक, म्हणून तेथे ती जाड. मध्यभागी ताण कमी, म्हणून तेथे पातळ. वजन घटते, पण बळ घटत नाही. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स यांनी १८९७ साली या युक्तीचे पेटंट घेतले. शिवाय एखादी नळी निकामी झाली, तर कुशल कारागीर ती काढून दुसरी जोडू शकतो. माझ्या सायकलीत या जुन्या विद्येला नव्या यंत्रांची जोड होती. मागच्या चाकावर ११ चक्रे होती, आणि ब्रेकच्या मुठीतूनच गिअर बदलत असे. ही सोय शिमानो या जपानी कंपनीने १९९० मध्ये बाजारात आणली. आजोबा आणि नातू एकाच पंगतीला बसावेत, तसा तो थाट होता.

मग विकली का? पहाटे हेब्बाळ, येलहंका, देवनहळ्ळी मागे टाकीत नंदी टेकडी गाठावी, हा माझा अनेक वर्षांचा नेम होता. पुढे चाळिशी उलटली आणि कंबर कुरकुरू लागली. खाली असलेल्या हँडलवर वाकणे जमेना. सायकल मापाची राहिली होती. मीच मापाचा राहिलो नव्हतो.

विकावयास काढल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. जो तो गिअर कोणते, ब्रेक कोणते, चाके कोणती, एवढेच विचारी. या वस्तू सर्वांच्या उपयोगाच्या, म्हणून त्यांना भाव. चौकट एकट्याच्या मापाची, म्हणून ती कवडीमोल! एका जाणत्या मेकॅनिकने सल्ला दिला, "साहेब, भाग सुटे करून विका. पैसे जास्त येतील. चौकट भिंतीला टांगा." हिशेब बिनचूक होता. त्या रात्री मी पाना हातात घेऊन बसलोही; परंतु पहिलाच नट सैल करताना हात थांबला. चालण्यासाठी घडविलेली वस्तू शोभेसाठी टांगावी, हे मनाला पटेना.

अखेर बेळगावकडचा एक तरुण कब्बन पार्कपाशी भेटावयास आला. उंची जवळजवळ माझ्याएवढी. त्याने खिशातून टेप काढून आधी चौकटच मोजली, तेव्हाच मला बरे वाटले. पण आता माझी परीक्षा होती. पायडलांचा आस ज्या आडव्या नळकांड्यात फिरतो, त्याच्या खालच्या अंगाला रंग किंचित फुगला होता. पावसाचे पाणी सीटच्या नळीतून आत झिरपते आणि तेथेच साठते. नंदीहून भिजून आल्यावर सायकल न पुसता ठेवण्याचा आळस मी एकदा नव्हे, अनेकदा केला होता. फुगा असा जागी होता की सायकल उलटी केल्याखेरीज दिसू नये. क्षणभर वाटले, बोलू नये. मग मीच ती उलटी केली.

तो म्हणाला, "सर, आतून उघडून बघूया?"

दोघे मेकॅनिककडे गेलो. आस काढला, नळीत उजेड टाकला. गंज होता, पण वरवरचा. धातू शाबूत होता. आतून घासून तेलाचा हात दिला. मी होऊन किंमत थोडी उतरविली. सुटे भाग विकून आले असते त्याहूनही ती कमी होती. त्याने घासाघीस केली नाही.

पैसे मोजून तो सायकलीवर बसला आणि झाडांच्या सावलीतून निघून गेला. ती चालताना किती सुंदर दिसते, हे मी त्या दिवशी प्रथमच पाहिले. इतकी वर्षे मी तिच्यावर बसलेलो असे; मला ते दिसणार कसे?