चट्टा दिसतो, बधिरपणा शोधावा लागतो
(वर्धापनदिनाच्या आरोग्य मेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही डॉक्टर नाही. कुष्ठरोगाच्या कामात आमची नोकरी गेली, आणि आता निवृत्तीनंतर आम्ही काही जुने सहकारी मिळून आशाताईंना व आरोग्य सेवकांना हा रोग ओळखायला शिकवतो. समितीने त्याविषयी बोला म्हटले, म्हणून उभे आहोत.

लोक विचारतात, तो रोग तर गेला ना? गेला नाही. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचार सुचवला, आपल्याकडे १९८३ पासून निर्मूलनाचा कार्यक्रम सुरू झाला आणि २००५ च्या अखेरीस देशातले प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आले. मोठेच काम झाले. पण लोकांनी त्याचा अर्थ 'संपला' असा घेतला. जुने कर्मचारी निवृत्त झाले. नव्या पोरापोरींनी रुग्ण डोळ्यांनी पाहिलेलाच नसतो, आणि चंद्रपूर-गडचिरोलीकडे आजही नवे रुग्ण निघतात.

प्रशिक्षणाचा पहिला तास गैरसमज काढण्यातच जातो. पांढरेफेक कोड म्हणजे कुष्ठरोग नव्हे. खाजते ते बहुधा गजकर्ण. कुष्ठरोगाचा चट्टा फिकट नाहीतर लालसर असतो. सहसा खाजत नाही, दुखत नाही, म्हणून तर माणूस दुर्लक्ष करतो. जंतू मज्जातंतूत शिरतो, त्यामुळे तिथली संवेदना कमी होते. ती तपासायची साधी रीत आहे. रुग्णाला आधी उघड्या डोळ्यांनी समजावायचे, मग डोळे मिटायला लावायचे आणि बॉलपेनच्या टोकाने अलगद स्पर्श करायचा. 'कळते का?' असे विचारायचे नाही. माणूस भिडेखातर हो म्हणतो! जिथे स्पर्श झाला तिथे त्याने स्वतःचे बोट ठेवायचे. बोट चुकले, की शंका घ्यायची. मग कोपरामागची, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस हळूच चाचपायची. ती जाड लागते का, दाबल्यावर दुखते का, ते पाहायचे.

पाठीवरचा चट्टा बाई पुरुष कर्मचाऱ्याला दाखवत नाही. २०१६ पासूनच्या शोध मोहिमांत आशाताईबरोबर एक पुरुष स्वयंसेवक दिला, तो याचसाठी. आमच्या नोकरीच्या काळात अशा किती बाया राहून गेल्या असतील कोण जाणे.

आता आमचीच एक चूक सांगतो. सुरुवातीच्या वर्गांत आम्ही ओळख शिकवायचो, गोळ्या शिकवायचो. पाचपर्यंत चट्टे असले तर सहा महिने, त्याहून जास्त असले किंवा एकाहून अधिक नसा धरल्या असल्या तर बारा महिने. आणि 'रिॲक्शन' हा विषय शेवटी, चहा यायच्या वेळेला, पाच मिनिटांत उरकायचो. आमच्याकडे शिकलेल्या एका ताईच्या गावात एक शेतमजूर उपचारावर होता. तिसऱ्या महिन्यात चट्टे लालभडक होऊन सुजले, कोपर ठणकू लागले. ताई म्हणाली, "गोळ्या उष्ण पडल्या भाऊ, थोडे दिवस बंद ठेवा." तिने काळजीनेच सांगितले. तो आमच्यापर्यंत पोचला तेव्हा बरेच महिने उलटून गेले होते आणि करंगळी व तिच्याशेजारचे बोट वाकले होते. वेळेवर प्रेडनिसोलोन मिळाले असते तर नस वाचण्याची आशा होती. हात सरळ झाला नाही. ताई रडली. चूक तिची नव्हती, चहाच्या वेळेला शिकवणाऱ्यांची होती.

आता त्या विषयाला आम्ही अर्धा दिवस देतो. प्रत्येकीकडून तीनदा म्हणवून घेतो: चट्टे सुजले, नस दुखली, बोटांत किंवा पावलात जोर कमी झाला, तर गोळ्या बंद करायच्या नाहीत, त्याच दिवशी दवाखान्यात पाठवायचे. लघवी तांबडी झाली तर घाबरायचे नाही, ते औषधाने होते. कातडी काळवंडते तीही औषधानेच, आणि उपचार संपल्यावर हळूहळू उजळते.

वर्गात कोणी 'महारोगी' म्हटले की आम्ही थांबवतो. माणसाला हात न लावता वागवणे म्हणजे काय, हे या सभागृहात कोणाला सांगायला नको. तरीही तपासणीच्या सरावात हात मागे घेणारे दिसतातच. त्यांना आम्ही रागावत नाही. आधी आम्ही हात लावतो, मग त्यांना लावायला सांगतो.

पुढचा वर्ग याच विहारात, येत्या रविवारी सकाळी दहा वाजता. महिला मंडळातल्या ज्यांना शिकायचे आहे त्यांनी आज जाण्यापूर्वी समितीकडे नावे द्यावीत. येताना फक्त एक बॉलपेन आणा.