पहिला रिपोर्ट नवऱ्याचा

(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या हॉलमध्ये झालेल्या आरोग्यविषयक कार्यक्रमातील भाषण)



मी डॉक्टर नाही. पाणी कमिटीत बारा वर्षे काढलेला माणूस. सोलापुरात पाण्याची बोंब आपल्याला नवी नाही. वर पाणी चढलं नाही तर आपण टाकी बघतो आणि मोटरही बघतो. पण घरात मूल होत नाही म्हटलं, की एकट्या सुनेला बघतो. आज त्यावरच बोलणार आहे, आणि सौ.ला विचारून बोलतो आहे.

आम्ही इथे राहायला आलो तेव्हा लग्नाला तीन वर्षे झाली होती. पुढची सहा वर्षे हिची तपासणी चालली. सोनोग्राफी, रक्त, दोनदा क्युरेटिंग, गर्भनलिकांचा एक्स-रे. तुळजापूर, अक्कलकोट, नवस, उपास. हळूहळू हिने डोहाळजेवणाला जाणं सोडलं. मी काय केलं? रिक्षा आणली, बिलं भरली. डॉक्टरांनी माझी तपासणी सांगितली, तेव्हा “मला काय धाड भरलीय?” म्हणालो.

शेवटी गेलो. दोन दिवसांत रिपोर्ट आला. दोष माझ्यात होता. अंडकोषातल्या शिरा फुगलेल्या, शुक्राणू फार कमी. ऑपरेशन झालं, उपचारही केले. पण तोवर हिने पस्तिशी गाठली होती. मूल झालं नाही. लवकर तपासलं असतं तर झालंच असतं, असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही. पण सहा वर्षे माझा दोष हिच्या नावावर राहिला, तो राहिला नसता.

विज्ञान मागे होतं असंही नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली ती 6 ऑगस्ट 1986 ला, आमच्या लग्नाच्या कितीतरी आधी. मागे होतो तो मी.

म्हणून तरुण जोडप्यांना चार गोष्टी सांगतो.

वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, तर दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जा. बाईचं वय 35 च्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच जा. पाळी अनियमित असेल तर तेवढंही थांबू नका.

नवऱ्याची वीर्यतपासणी सुरुवातीलाच करा. सुई नाही, भूल नाही, खर्चही बेताचा. आधी दोन ते सात दिवस संबंध टाळायचा. नमुना घरून नेणार असाल तर तासाभरात, शर्टाच्या आतल्या खिशात ठेवून, लॅबमध्ये पोचवायचा. एक रिपोर्ट वाईट आला म्हणून खचू नका. तपासणी पुन्हा करतात. शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, त्यामुळे तंबाखू, दारू सोडल्याचा गुण लगेच दिसत नाही. आणि जिममध्ये अंग कमावायला इंजेक्शनं घेणाऱ्या पोरांनो, त्यांनी शुक्राणू घटतात, हे लक्षात ठेवा.

बायकोच्या तपासण्यांत तीन प्रश्न असतात: बीज तयार होतं का, नलिका मोकळ्या आहेत का, गर्भाशय ठीक आहे का. थायरॉइड, प्रोलॅक्टिन रक्तातून कळतं. नलिकांचा एक्स-रे पाळी थांबल्यावर लगेचच्या दिवसांत करतात. आपल्याकडे नलिका बंद होण्यामागे कधी कधी क्षयरोग असतो, आणि तो खोकल्याशिवायही असू शकतो. प्रत्येक तपासणी कशासाठी, हे डॉक्टरांना विचारा. फाइल एकच ठेवा, म्हणजे दवाखाना बदलला तरी तेच पुन्हा करावं लागत नाही.

शेवटची विनंती वडीलधाऱ्यांना. लिफ्टमध्ये, जिन्यात सुनांना “काही गोड बातमी?” विचारू नका. आमच्या हिला या जिन्यात तो प्रश्न किती वेळा विचारला गेला, हे तिलाच ठाऊक. मला मात्र एकदाही कुणी विचारलं नाही.