आधी जिवाणूंच्या भाकरीची सोय



 हैदराबाद मुक्तिसंग्रामात 30 जानेवारी 1948 रोजी स्वातंत्र्यसैनिकांनी आमच्या उमरीतली बँक लुटून लढ्यासाठी पैसा उभा केला आणि त्याचा चोख हिशेब ठेवला. त्या गावात आज या परिषदेत नासलेल्या मातीचा विचार होतो आहे, याचा मला अभिमान वाटतो.

सांडपाणी मुरलेल्या रानात पाऊस उघडला की वर पांढुरकी खपली धरते. ढेकूळ फोडावं तर आत गांडूळ नाही आणि मातीचा वासही नाही. अशा जमिनीत आपण जिवाणूंची बाटली ओततो आणि गुण आला नाही की कंपनीच्या नावानं बोटं मोडतो. अहो, त्या जिवाणूंनी तिथं खायचं काय? सेंद्रिय कर्ब संपलेला, हवा कोंडलेली, वर क्षारांचा मारा. आधी त्यांच्या भाकरीची सोय लावा.

याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. नागपूर जिल्ह्यातल्या गुमगावच्या मँगनीज खाणीचे उजाड ढिगारे ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेच्या डॉ. आशा जुवारकर आणि सहकाऱ्यांनी हिरवे केले. जोडीला अ‍ॅझोटोबॅक्टर, रायझोबियम हे जिवाणू आणि मायकोरायझा ही बुरशी होतीच. पण पाया होता साखर कारखान्याच्या प्रेसमडचा, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेल्या गाळाचा. त्यानं जिवाणूंना अन्न दिलं, ओल धरून ठेवली. सेंद्रिय पदार्थ धातूंना धरून ठेवतात, त्यामुळे त्यांचा जाचही कमी होतो. 1989 साली अलास्काच्या किनाऱ्यावर तेल सांडलं, तेव्हाही खत घालून तिथल्याच जिवाणूंना बळ दिलं होतं.

प्रेसमड आपल्याला नवं नाही. मात्र ताजं रानात पसरू नका. ते तापतं, आणि कुजताना पिकाच्या वाट्याचं नत्र ओढून घेतं. शेणकाला शिंपडा, ओल राखा, ढिगाला पलट्या द्या. आत हात घातल्यावर ऊब लागेनाशी झाली की मग गाड्या भरा. आणि घाण पाणी येतच राहिलं, तर कितीही खत घाला, वायाच जाणार. ते पाणी आधी थांबलंच पाहिजे, हे मी या व्यासपीठावरून स्पष्ट सांगतो.

शास्त्रज्ञ मंडळींना एकच विनंती आहे. परिषद उठण्यापूर्वी आमच्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीला काय घालायचं, एकरी किती गाड्या आणि कोणत्या महिन्यात, हे साध्या मराठीत लिहून आमच्या हाती द्या.