हसायला कारण कशाला?
(वर्धापनदिनी खोताच्या वाडीत दिलेले भाषण)



‘मुलीच्या जातीने खदखदून हसू नये’ ही ताकीद आपल्यापैकी अनेकींनी लहानपणी ऐकली आहे. पुढे ती कोणी द्यावी लागत नाही. हात आपोआप तोंडाशी जातो. आज मला त्या हाताविरुद्ध बोलायचे आहे.

१३ मार्च १९९५ रोजी अंधेरीच्या एका बागेत डॉ. मदन कटारिया यांनी अवघ्या पाच जणांनिशी हास्यक्लब सुरू केला. आरंभी विनोद सांगून हसत. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले, बोचणारे उरले. तेव्हा डॉक्टरांनी विनोदच बंद केले. टाळ्या वाजवाव्या, दीर्घ श्वास घ्यावा, एकमेकींच्या डोळ्यांत पाहून हसावे, एवढेच ठेवले. त्यांच्या पत्नी माधुरीबाई योगशिक्षिका. त्यामुळे प्राणायामाची जोड मिळाली. उसने आणलेले हसू घटकाभरात खरे होते, हा त्यातला अनुभव.

हसताना श्वास खोल जातो, पोटाला व्यायाम होतो, मनाचा ताण सैलावतो. मात्र हे औषध नव्हे. हर्निया, हृदयविकार किंवा नुकतेच ऑपरेशन झालेल्या भगिनींनी आधी डॉक्टरांना विचारावे.

एकटीने हसणे कठीण, चौघींत सोपे. म्हणून माझी सूचना अशी, की मंडळाच्या प्रत्येक सभेआधी दहा मिनिटे आपण हसावे. वाडीतल्या गल्ल्या अरुंद, घरे जवळजवळ. आवाज शेजारी जाणारच. ‘काय झाले?’ असे कोणी विचारले, तर ‘काही नाही’ म्हणावे आणि तिलाही आत बोलवावे.